पायका आणि दुर्मिळ लिव्हरवर्ट: तुलना नेमकी कशाची करायची?

जांबोटी_नाका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूर भागातल्या चार विद्यार्थ्यांच्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी मार्गदर्शन हवं आहे. विषय असा: उंच डोंगरावरचा एक लहान सस्तन प्राणी आणि एक दुर्मिळ लिव्हरवर्ट (मराठी पुस्तकांतली यकृतका, म्हणजे ओल्या दगड-मातीवर पसरणारी शेवाळासारखी लहान वनस्पती) यांची तुलना, वाढत्या उष्णतेच्या अंगाने. प्राणी म्हणून रॉयलचा पायका (सशाचा लहानखुरा नातलग), ऑकोटोना रॉयली. वनस्पती म्हणून ऐचिसोनिएला हिमालयेन्सिस, शिवराम कश्यप यांनी 1914 मध्ये पश्चिम हिमालयातून वर्णन केलेली. जागा उत्तराखंडातलं चोपता ते तुंगनाथ. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, प्रत्यक्ष कामाचे सहा दिवस. वनखात्याच्या परवानगीसाठी अर्ज दिला आहे.

मुलांनी चौदा ओळींचा तक्ता केलाय: वजन, लांबी, खाद्य, प्रजनन, उंचीचा पट्टा, संवर्धनाचा दर्जा वगैरे. दोन्ही रकाने भरले, पण वाचून निष्कर्ष काही निघत नाही. प्राणी आणि वनस्पती एका मापात बसवायची तर ते माप कोणतं? जवळ बटणाएवढे तापमान लॉगर (ठरावीक वेळाने तापमान आपोआप नोंदवणारे) आठ आहेत, दहापट हातभिंगं चार आणि कॉलेजात मायक्रोस्कोप. जाण्याआधी ऑगस्टमध्ये कणकुंबी-चोर्ला बाजूला सराव करता येईल का, तेही सांगा.

सडा_आणि_शेवाळ

चौदातल्या बारा ओळी काढून टाका. पायका दीडशे ग्रॅमच्या आसपास, लिव्हरवर्ट दोन सेंटिमीटर, हे खरं आहे, पण शेजारी शेजारी लिहून त्याचं काही होत नाही. या दोघांना जोडतं ते दगडाच्या फटीतलं हवामान. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर सावलीत असतो, आणि हे दोघं जगतात त्याच्या खाली, दगडाच्या सावलीत आणि ओलीत. म्हणून माप घ्या ते असं: त्या जागी दिवसातले किती तास त्याला काम करता येतं. पायक्याचं काम म्हणजे बाहेर येऊन चरणं. लिव्हरवर्टचं काम म्हणजे ओल्या अंगाने उजेडात अन्न तयार करणं. दोन्ही तासांतच मोजता येतं, त्यामुळे एकाच आलेखावर बसतं.

आता दोघांचे तास कशाने कमी होतात ते बघा, कारण खरी तुलना तिथे आहे.

पायक्याच्या अंगाचं तापमान 40 अंशांच्या आसपास असतं. अंगावर दाट केस, कान लहान आणि गोल, बाहेरून दिसणारी शेपूट नाही. उष्णता बाहेर टाकायला जागाच ठेवलेली नाही, सगळी रचना ती आत धरून ठेवायची. अमेरिकी पायक्यावर, म्हणजे ऑकोटोना प्रिन्सेप्सवर, अँड्र्यू स्मिथ यांनी 1970च्या दशकात काम केलं. आडोसा न मिळालेले प्राणी हवेचं तापमान 25 ते 29 अंशांच्या घरात असतानाही काही तासांत दगावले. आपल्याला ज्यात स्वेटर काढावासा वाटतो एवढंच ते तापमान! त्यामुळे पायका दुपारी दगडाखाली जातो. दुपार जितकी लांबते तितकं चरणं आखडतं. हे आकडे मात्र अमेरिकी जातीचे आहेत, रॉयलीवर जसेच्या तसे चिकटवू नका. तुमच्या मोजणीतून तुमचा आकडा काढा: पृष्ठभागाचं तापमान किती झाल्यावर प्राणी दिसायचे थांबले.

लिव्हरवर्टची गोष्ट वेगळी आहे. तिला खरी मुळं नाहीत, पाणी धरून ठेवणारी यंत्रणा नाही. भोवतालची हवा कोरडी झाली की ती कोरडी होते आणि तिचं काम थांबतं. मरत नाही, थांबते. टार्जिओनिया किंवा प्लॅजिओकाझ्मासारख्या वंशांतल्या लिव्हरवर्टचे थॅलस (पट्टीसारखं चपटं अंग) सुकताना कडा आत वळवतात, आणि खालच्या बाजूचे काळपट जांभळे खवले वर येतात. दगडावर जळलेल्या सुतळीचा तुकडा पडल्यासारखं दिसतं. पाणी मिळालं की काही मिनिटांत हिरवी पट्टी उलगडते.

इथेच एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. उलगडल्याबरोबर तिचा फायदा सुरू होत नाही. सुकण्यात झालेली मोडतोड दुरुस्त करायला आधी साठ्यातलं अन्न खर्ची पडतं, श्वसन वाढतं. ओल पुरेसा वेळ टिकली तरच तो खर्च भरून निघतो आणि वर काही उरतं. अर्ध्या तासाची सर आणि लगेच कडक ऊन, असं दिवसातून तीनदा झालं तर पाणी मिळूनही ती तोट्यात जाते. रात्री ओली आणि उजाडताच कोरडी, हाही तोटाच, कारण अंधारात फक्त खर्च होतो. म्हणून तिचे तास मोजताना 'ओली' एवढं पुरत नाही. 'ओली आणि उजेडात' असे तास धरा, आणि सलग किती ते वेगळं लिहा.

पायका गरमीतून पळू शकतो पण सोसू शकत नाही. लिव्हरवर्ट सोसू शकते पण पळू शकत नाही. चौदा ओळींच्या जागी ही एक ओळ ठेवा आणि ती आकड्यांनी सिद्ध करा.

रानवाट_तळेवाडी

वरचं बरोबर आहे, फक्त जमिनीवर गेल्यावर काय काय बिघडतं ते सांगतो.

पहिलं लॉगरचं. तुमचे बटण लॉगर 2048 नोंदींचे असतील तर दहा मिनिटांच्या अंतराने साधारण चौदा दिवस भरतात. बेळगावात चालू करून नेलेत तर प्रवासाचे तीन दिवस जाताना आणि तीन येताना, कामाचे सहा, म्हणजे 1728 नोंदी. बसतात, पण गाडी चुकली, दरड कोसळून रस्ता बंद झाला तर पंचाईत. उशिरा सुरू होण्याची सोय वापरा. आणि भरल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहिण्याची सेटिंग बंद ठेवा. ती चालू राहिली तर घरी पोचेपर्यंत डोंगरावरचे पहिले दिवस पुसले जातात आणि रेल्वेच्या डब्याचं तापमान हाती येतं.

निघण्याआधी सगळे आठ एकदा बर्फात तपासा. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा, वर बुडेल एवढंच पाणी, लॉगर पातळ पिशवीत हवा काढून बांधलेले, एक तास. सगळ्यांनी शून्य दाखवायला हवं. अर्धा-एक अंश इकडेतिकडे चालतं, तो फरक लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. दीड अंशाच्या वर चुकणारा लॉगर घरीच ठेवा. फटीत आणि बाहेर फरकच मुळी काही अंशांचा असतो, त्यात दीड अंशाची चूक म्हणजे सगळं मुसळ केरात.

लावताना: उघड्यावरच्या लॉगरवर ऊन थेट पडलं तर तो हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या पत्र्याचं तापमान सांगतो. पांढऱ्या पीव्हीसी नळीचा 10 सेंमीचा तुकडा, दोन्ही तोंडं मोकळी, आडवा, लॉगर मधोमध नायलॉनच्या दोऱ्याने लोंबता. फटीतला लॉगर किमान 50 सेंमी आत, दगडाला न टेकता. दोरा किंवा तार बाहेरच्या दगडाला बांधा, नाहीतर तो घसरून खाली गेला की अख्खा ढिगारा उपसावा लागतो, आणि तो ढिगारा म्हणजे कुणाचं तरी घर आहे.

आता पायका मोजणं. पहाट ते साडेनऊ आणि दुपारी साडेतीननंतर, हे दोन वेळ मुख्य. पण दुपारची बैठकही चुकवू नका, कारण 'दिसला नाही' हीच तुमची दुपारची नोंद आहे. दगडांच्या ढिगाऱ्यापासून 15-20 मीटरवर बसायचं, पहिली दहा मिनिटं काही मोजायचं नाही, मग वीस मिनिटांची एक फेरी. एकाने बघायचं, एकाने लिहायचं. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा घ्या, एकूण किती वेळा दिसला तो नको. एकच प्राणी सहा वेळा डोकं काढतो आणि वहीत सहा पायके होतात. रॉयलचा पायका फारसा ओरडत नाही, तेव्हा आवाजावर भिस्त ठेवू नका. अमेरिकी पायक्याच्या व्हिडिओत दिसते तशी गवताची गंजीही इथे दिसेलच असं नाही.

लेंड्या ओळखायला सोप्या: गोल, मिऱ्याएवढ्या किंवा थोड्या लहान. त्याच दगडांत उंदीरवर्गातले प्राणी असतात, त्यांच्या लेंड्या लांबट, तांदळाच्या दाण्यासारख्या. घोटाळा होतो तो ताज्या-जुन्याचा. दगडाखाली पाऊस न लागणाऱ्या जागी लेंडी फार काळ टिकते, प्राणी तिथून कधीच गेलेला असतो. चिमट्यात धरून फोडा. आतून हिरवट आणि दमट म्हणजे ताजी. आतून पिवळट, कोरडी, भुसा होणारी म्हणजे जुनी. त्याहून खात्रीचा उपाय: पहिल्या दिवशी दहा फटींतल्या सगळ्या लेंड्या ब्रशने साफ करा, सहाव्या दिवशी परत बघा. नवी आली तर प्राणी आहे, वादच नाही.

हातभिंग_दहापट

लिव्हरवर्टबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण अशा प्रकल्पांत प्राण्याला पाच दिवस मिळतात आणि वनस्पतीला परतीच्या दिवसातला एक तास.

आधी ऐचिसोनिएलाची निवड. तिच्या नोंदी बहुतेक पश्चिम हिमालयाच्या मधल्या उंचीच्या आहेत, आणि चोपताच मुळी 2700 मीटरच्या आसपास आहे. तुंगनाथचं मंदिर 3680 मीटर. पायका तुम्हाला वरच्या निम्म्यात भेटेल. दोघं एका फटीत नसतील तर 'तास' एका आलेखावर बसवायचा सगळा मुद्दा पडतो. शिवाय थॅलसवाल्या लिव्हरवर्टमध्ये नुसत्या पट्टीवरून वंश ठरवणं धोक्याचं असतं. मादीचं फळधर डोकं लागतं, वरच्या छिद्राचा उभा-आडवा छेद लागतो, खालच्या खवल्यांची टोकं बघावी लागतात. सहा दिवसांत, डोंगरावर, हे होणार नाही. आणि चुकीच्या नावावर लिहिलेली 'दुर्मिळ जातीची नवी नोंद' पुढे वीस वर्षं सगळ्यांना फसवत राहते.

म्हणून ऐचिसोनिएला अभ्यासाच्या पुस्तकी भागात ठेवा. जागेवर मोजायला पायक्याच्याच ढिगाऱ्यातली, सहज ओळखू येणारी, थॅलस असलेली एखादी लिव्हरवर्ट घ्या. ती दुर्मिळ नसेल, चालेल.

दुर्मिळ या शब्दाचंही नीट करा. डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी 1981 मध्ये दुर्मिळतेचे प्रकार पाडले ते तीन प्रश्नांवर: जात किती मोठ्या प्रदेशात आढळते, किती प्रकारच्या जागी राहते, आणि जिथे आहे तिथे संख्येने किती आहे. या तीन प्रश्नांत पायका आणि लिव्हरवर्ट दोन्ही घालून बघा. रॉयलचा पायका हिमालयभर पसरलेला, पण जागेच्या बाबतीत हट्टी. दगडांचा ढीग नाही तर तो नाही. उलट चीनमधला इली पायका तिन्ही प्रश्नांत अडकतो: तिएनशानचा लहानसा भाग, उंच कड्यांच्या फटी, आणि संख्या अगदी थोडी. तो 1983 मध्ये पहिल्यांदा सापडला आणि जात म्हणून 1986 मध्ये जाहीर झाला. लिव्हरवर्टच्या बाबतीत चौथा प्रश्न जोडावा लागतो, तो म्हणजे बघणारे किती. भारतात पायका ओळखणारा ट्रेकर मिळेल, पण लिव्हरवर्ट ओळखणारी माणसं मोजकीच. कित्येक 'दुर्मिळ' लिव्हरवर्ट म्हणजे जिथे कुणी गुडघे टेकून बघितलं नाही त्या लिव्हरवर्ट.

मोजायचं कसं: 10 × 10 सेंमीची तारेची चौकट, आत दर सेंटिमीटरला दोरा, म्हणजे शंभर चौकोन. भरलेले चौकोन मोजा, वरून सरळ फोटो, बाजूला पट्टी. अशा दहा चौकटी एका ढिगाऱ्यात पुरेत. त्यातल्या तीन 'वेळाच्या चौकटी' ठरवा. त्यांच्याकडे दर दोन तासांनी जाऊन फक्त तीन शब्दांतला एक लिहायचा: उघडी, अर्धवट, वळलेली. बोट लावायचं नाही, बोटाच्या घामानेही कड हलते.

एक चौकशी मुद्दाम करा: ठिगळात नर आणि मादी दोन्ही आहेत का. अनेक लिव्हरवर्टमध्ये नर-मादी झाडं वेगळी असतात आणि नराची पेशी पाण्यातून पोहत किंवा पावसाच्या उडत्या थेंबातून जाते. थेंब उडेल तेवढीच तिची धाव. नुसत्या नरांचं ठिगळ हातभर पसरलेलं, हिरवंगार दिसतं, पण त्यात बीजाणू कधीच येत नाहीत. वर्षानुवर्षं तोच एक जीव तुकड्यांनी वाढत असतो. आकड्यात ते चांगलं दिसेल आणि पुढच्या कोरड्या वर्षी एका झटक्यात जाईल.

सडा_आणि_शेवाळ

हातभिंगताईंचा शेवटचा मुद्दा पायक्यालाही लागू आहे, म्हणून जोडतो. कॅलिफोर्नियातल्या बोडी या ओसाड खाणगावात खाणीतून काढलेल्या दगडांच्या ढिगांवर पायके राहतात आणि तिथली मोजणी 1970च्या दशकापासून चालू आहे. एका ढिगातले संपले की शेजारच्या ढिगातून पोरं येऊन तो पुन्हा भरत. दक्षिणेकडच्या ढिगांत ही ये-जा तुटली आणि तो अख्खा भाग रिकामा झाला. ढीग तेच, दगड तेच. मधल्या उघड्या, तापलेल्या जमिनीवरून काही शे मीटर चालणं लहान पायक्याला जमत नाही.

लिव्हरवर्टचा बीजाणू वाऱ्याने जातो म्हणून ती या बाबतीत सुखी, असं मुलं पटकन लिहितील. तसं सरसकट नाही. मार्कॅन्शियाचे बीजाणू बारीक, दूर जातात. रिक्सियाचे मोठे असतात आणि थॅलस कुजल्यावर तिथेच मातीत पडतात. जातीगणिक बघावं लागतं.

तुमच्या विषयाला थेट लागणारं आणखी एक उदाहरण आहे. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या घळीत पायका जवळजवळ समुद्रसपाटीला राहतो, त्याच्या नेहमीच्या उंचीच्या कितीतरी खाली. तिथले दगडांचे ढीग शेवाळाने जाड झाकलेले आहेत. जोहाना वार्नर आणि डेनिस डिअरिंग यांनी 2014 मध्ये दाखवलं की तिथल्या पायक्याच्या आहारात निम्म्याहून जास्त शेवाळच असतं, आणि तोच शेवाळाचा थर दगडाखालची हवा थंड राखतो. ते मॉस आहे, लिव्हरवर्ट नव्हे, पण नातं कळतं: छप्परही तेच, चाराही तोच. शेवाळाचं छप्पर वाळलं की पायक्याचे तास घटतात. तुमच्या ढिगाऱ्यात शेवाळ असलेली आणि नसलेली अशा दोन फटींत एकेक लॉगर लावा. सहा दिवसांत एवढं एकच धड निघालं तरी प्रकल्प उभा राहील.

जांबोटी_नाका

सर्वांचे आभार. 'कामाचे तास' हे माप मुलांना लगेच पटलं. तीन शंका. एक, लिव्हरवर्टचा नमुना घ्यायचा की नाही? फोटोवर भागेल का? दोन, ऑगस्टमधला सराव. तीन, पायका-लिव्हरवर्ट अशी जोडी आपल्या सह्याद्रीत लावायची झाली तर प्राणी कोणता घ्यायचा? आपल्याकडे पायका नाही, एवढं माहीत आहे.

हातभिंग_दहापट

नमुना घ्या, पण परवानगीच्या पत्रात 'वनस्पती नमुने' हे शब्द स्पष्ट असतील तरच. फोटोवर भागत नाही. जात ठरवायच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखालच्या असतात, आणि नमुना नसेल तर उद्या कुणाला तुमचं नाव तपासता येत नाही.

किती घ्यायचा ते आधीच ठरवा. ठिगळ तळहातापेक्षा मोठं असेल तर एका कडेचा नखाएवढा तुकडा. त्याहून लहान असेल तर काही नाही, फक्त फोटो. मधोमधचा तुकडा कधीच काढू नका, भोक पडलेलं ठिगळ आतून सुकत जातं. चाकूचं टोक खाली घालून मातीच्या पातळ थरासह उचला, ओढू नका. ओढलं की खालचे खवले आणि मुळांसारखे तंतू दगडालाच राहतात, आणि ओळख त्यांच्यावरच असते. नमुना कागदाच्या घडीत, प्लास्टिकमध्ये नाही. प्लास्टिकमध्ये दोन दिवसांत बुरशी येते. घडीवर पेन्सिलीने जागा, उंची, तारीख, कशावर वाढली होती (दगड, माती, साल), उजेड किती. शाईचा पेन ओलीत पसरतो.

पानांसारखी रचना असलेली लिव्हरवर्ट सापडली तर एक घाई आहे. तिच्या पेशींत तैलपिंड (तेलाचे सूक्ष्म गोळे) असतात, त्यांचा आकार आणि संख्या ओळखीला फार उपयोगी, पण पुष्कळ जातींत ते सुकल्यावर नाहीसे होतात. ते ताज्या नमुन्यातच बघावे लागतात. एखादा साधा घडीचा मायक्रोस्कोप बरोबर असेल तर त्याच संध्याकाळी थेंबभर पाण्यात बघून चित्र काढून ठेवा.

रानवाट_तळेवाडी

सराव इथेच होतो की ओ, पण ऑगस्टमध्ये काय मिळेल आणि काय नाही ते बघून जा.

लिव्हरवर्ट भरपूर मिळतील. चोर्ला घाटाच्या रस्त्याकडेचे जांभ्याचे कापलेले कडे, कणकुंबी बाजूच्या सड्यांच्या (जांभ्याच्या सपाट माळांच्या) कडा, जांभ्यात खोदलेल्या विहिरींच्या आतल्या भिंती. विहिरीत बघताना बॅटरी तिरकी धरा. सायथोडियम असेल तर अगदी पातळ, पिवळसर हिरवी झाक असलेली पापुद्र्यासारखी पट्टी चमकते. मात्र ऑगस्टमध्ये कणकुंबीत कोरडं काही मिळत नाही, सगळ्या चौकटींत 'उघडी, उघडी, उघडी' असंच येईल. तेव्हा मोजणीचा हात तिथे बसवा आणि वळण्या-उलगडण्याचा सराव घरी करा. रस्त्याकडेच्या साध्या जातीचा नखाएवढा तुकडा मातीसकट बशीत, खिडकीत दोन दिवस. पूर्ण वळला की सिरिंजने 2 मिली पाणी बाजूच्या मातीत सोडा, अंगावर नाही. घड्याळ लावून किती मिनिटांत उलगडतो ते लिहा, पाच वेळा. चौघांनी वेगवेगळं बघून 'अर्धवट' कशाला म्हणायचं ते एकमताने ठरवा. चार जणांची चार 'अर्धवट' झाली तर डोंगरावरचा सगळा तक्ता वाया जातो.

लेंड्यांचा सराव आपल्या सशावर करा. सड्यावरचा ससा आणि पायका एकाच गणातले, दोघंही दोन प्रकारची विष्ठा टाकतात: एक कडक लेंडी, दुसरी मऊ, ती परत खातात. कडक लेंडी आकाराने पायक्यापेक्षा बरीच मोठी, पण ताजी-जुनी ओळखायची रीत तीच. दहा ताज्या लेंड्या आडोशाला, दहा उघड्यावर ठेवून रोज एक फोडून बघा. उघड्यावरच्या ऑगस्टच्या पावसात दोन-तीन दिवसांत विरघळतील किंवा शेणकिडे नेतील. आडोशाच्या टिकतील. 'दगडाखालची लेंडी खोटं बोलते' हे मुलांना तिथेच समजेल.

तिसरी शंका. डोंगरातल्या लहान सस्तन प्राण्याचं आपल्या तालुक्यातलं मोठं नाव म्हणजे रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ. भीमगडमधल्या बारापेडे गुहेतल्या नमुन्यांवरून ऑल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 मध्ये त्याचं वर्णन केलं. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, आणि हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कागदावर त्याची आणि गुहेच्या तोंडाशी वाढणाऱ्या सायथोडियमची जोडी फार चांगली लागते: एक अंधारातून बाहेर येणारा, दुसरी उजेडाच्या शेवटच्या रेषेवर थांबलेली. पण मुलांना घेऊन गुहेत जाऊ नका. माणसं आत गेली की वटवाघळं उठतात, पिल्लं अंगावर असताना उठली तर खाली पडतात. हा भाग पुस्तकातूनच करा.

सडा_आणि_शेवाळ

परवानगीबद्दल एक: चोपता-तुंगनाथचा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात आहे, आणि लॉगर लावणं, लेंड्या गोळा करणं, नमुना घेणं ही तीन वेगळी कामं आहेत. अर्जात तिन्ही वेगवेगळी लिहा. लॉगर किती, कुठे, कधी काढणार, तेही. एखादा हरवला तर कळवू, असं लिहून द्या आणि कळवा.

आठ लॉगरची वाटणी अशी सुचवतो. एकाच ढिगाऱ्यात दोन उघड्यावर नळीत, दोन शेवाळ नसलेल्या फटीत, दोन शेवाळ असलेल्या फटीत. सातवा लिव्हरवर्टच्या एका वेळाच्या चौकटीशेजारी, थॅलसला न टेकवता दोन सेंमी बाजूला. टेकला की तेवढी पट्टी बाकीच्यांपेक्षा वेगळी वागू शकते. आठवा बॅगेत राखीव.

जांबोटी_नाका

सातव्याबद्दल एकच विचारतो: चौकट दुपारी उन्हात येत असेल तर त्या लॉगरलाही नळी हवी का? नळीने लिव्हरवर्टवर सावली पडेल.

रानवाट_तळेवाडी

नळी नको. उत्तरेकडे तोंड असलेला, दिवसभर सावलीतला दगड निवडा, तिथेच ती दाट असते. उन्हातल्या चौकटीचं तापमान हवंच असेल तर लॉगर चौकटीच्या खालच्या अंगाला, दगडाच्या ओठाखाली बसवा आणि वहीत 'ओठाखाली' असं लिहून ठेवा.